खुंटी नव्हे, गिअर

आबांच्या ट्रकच्या गिअरला मी वांग्यांची पिशवी अडकवली, तिथून आमचा खरा परिचय सुरू झाला.

आधी माझी बाजू ऐकून घ्या. ट्रकचा गिअर खाली असतो, ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याशी, तळातून वर आलेला, एवढं ज्ञान मला होतं. आबांच्या ट्रकमध्ये खाली काहीच नव्हतं. सीट आपली बाकासारखी सलग. स्टिअरिंगच्या खालून मात्र डाव्या अंगाला एक लोखंडी दांडी बाहेर आलेली, टोकाला काळी गोटी. आम्ही कवठे येमाईहून, म्हणजे माझ्या सासुरवाडीहून, शिरूरला निघालो होतो. उजवीकडे आबा, डावीकडे खिडकीशी बायको आणि मध्ये मी, मांडीवर सासूबाईंनी दिलेली वांगी घेऊन. वांग्यांचे काटे पँटमधून टोचत होते. समोर आयती खुंटी दिसली. अडकवली पिशवी.

आबांनी गाडी चालू केली, दांडीकडं हात नेला आणि त्यांच्या मुठीत वांगं आलं.

"जावई," ते म्हणाले, "ही खुंटी हाय व्हय?"

"नाही का?"

बायको खिडकीबाहेर बघत होती. ती हसतेय हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

"गिअर हाय त्यो. हँड गिअर."

आता खरं तर पिशवी उचलून गप्प बसायचं. पण चूक झाली की तिला टेकू द्यायचा, ही आमची जुनी खोड. मी म्हणालो, "पण आबा, एवढं ओझं टांगलं तरी ती जराही हलली नाही. गिअर असता तर हलला नसता का?"

 वांगं आबांनी माझ्या हातात दिलं आणि दात-ओठ खाऊन, दोन्ही हातांनी, ती दांडी वर ढकलली. शिरूर येईपर्यंत ते बोलले नाहीत. त्यांना पिशवीचं काही वाटलं नव्हतं. 'हलत नाही' हे शब्द लागले होते.

पुढं माझी नोकरी रांजणगावच्या बाजूला एका कारखान्यात लागली आणि आम्ही शिरूरला आबांच्याच मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. आबा मूळचे कवठ्याचे, म्हणून माझी बायको त्यांची गावची लेक. मी आपोआप जावई. या नात्यात एक सोय असते. जावयाला 'अहो-जाहो' करत वाटेल ते बोलता येतं. आबांनी ती सोय पुरेपूर वापरली.

आबांचे वडील मेंढपाळ. कळप घेऊन पाऊस सरला की कोकणात उतरायचे, उन्हाळ्याच्या शेवटी माघारी यायचे. एका वर्षी त्यांना काय वाटलं कोण जाणे, सगळी मेंढरं विकून त्यांनी लष्कराच्या लिलावातला हा छोटा ट्रक घरी आणला. आबा तेव्हा मिसरूड फुटलेले. त्यांच्या डोक्यात त्या दिवशी जो हिशेब बसला तो कायमचा. मेंढरं गेली नाहीत, त्यांना फक्त चाकं आली.

त्यामुळं ट्रकशी त्यांचं वागणं मेंढराशी असतं तसं. टायरमधली हवा बघायची तर पाठ चाचपावी तशी हाताच्या पंजानं. थंडीत घोंगडं स्वतः पांघरायच्या ऐवजी बॉनेटवर. हॉर्न असून वाजवायचे नाहीत, खिडकीतून मुंडी काढून "हुर्रर्र, हाड्ड!" अशी हाळी घालायचे. शिरूरच्या बाजारात भर गर्दीत त्या हाळीनं मेंढरंच काय, पंचायत समितीचे सभापतीसुद्धा बाजूला सरकल्याचं मी पाहिलंय.

आणि त्यांचं एक वाक्य होतं. नळ गळायला लागला, शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबेना, माझ्या लेकीनं दूध प्यायला नकार दिला, काहीही होवो, आबा मान तिरकी करून म्हणायचे, "ऐकत न्हाई म्हंजी कुठंतरी दुखतंय." मग दुखणं शोधायला बसायचे. नळाचं शोधताना अख्ख्या आळीचं पाणी दिवसभर बंद राहिलं. बायकोनं हाक मारल्यावर मी पेपरातून डोकं वर काढलं नाही, की पलीकडून आवाज यायचा, "बघ गं पोरी, जावयाचं कुठं दुखतंय!"

गाडी चालवण्याबद्दल त्यांची दोन तत्त्वं होती. पहिला गिअर टाकायचा नाही आणि गाडी मागं घ्यायची नाही. "पयला गिअर लेच्यापेच्यांला. आपुन दुसऱ्यावर उचलतो." आणि मागं घ्यायचं नाव काढलं की, "मेंढरू कवा मागं चालतं व्हय?" झालं. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर कडब्याची गाडी आडवी आली तर आबा मागं न घेता बाजूच्या बोळात शिरत, तिथून नदीच्या अंगाला, तिथून एसटी स्टँडला वळसा घालून दहा पावलांवरच्या घरी येत. लोक कौतुकानं म्हणत, "आबा म्हंजी आबा. माघार न्हाई." मीही पाहुण्यांना हे रंगवून सांगायचो.

खरी गोष्ट एवढीच होती, की पहिला गिअर आणि रिव्हर्स पडतच नव्हते. हँड गिअरची दांडी आधी आपल्याकडं ओढायची आणि मग वर केली की रिव्हर्स, खाली केली की पहिला. ती आपल्याकडं ओढलीच जात नव्हती. वर्षानुवर्षं. आबांनी त्या अडलेल्या दांडीचं तत्त्वज्ञान केलं होतं आणि आम्ही सगळे ते ऐकून माना डोलवत होतो.

मग दुसराही जड झाला. न्हावऱ्याच्या फाट्यावर आबांनी तो असा काही हिसडला, की गिअर पडला पण खांदा निखळला. हात गळ्यात बांधून घरी आले ते एका उसाच्या ट्रॅक्टरवर बसून. आपला ट्रक फाट्यावर सोडून आले हेच त्यांना खांद्यापेक्षा जास्त ठणकत होतं. दुसऱ्या दिवशी तो ओढून आणला.

बातमी दौंडला पोचली. तिथं त्यांचा मुलगा रेल्वेत होता. भला माणूस, पण मिशी आणि आवाज दोन्ही वडिलांचे. आल्या आल्या अंगणात उभं राहूनच तो म्हणाला, "आबा, बास झालं आता. शिक्रापूरच्या भंगारवाल्याशी बोललोय मी. न्हेऊ द्या त्याला."

"माझ्या बापाची मेंढरं हायती ती."

"मेंढरं खांदा निखळवत न्हाईत आबा. रस्त्यात हात सुटला आस्ता तर? पुढनं एसटी आली आस्ती तर?"

"गाडी काय करत न्हाई. तिचं कुठंतरी दुखतंय."

मुलगा वैतागला. "बरं! दसऱ्याला दौंडला या. गाडी घेऊन या. माझ्या दारातला बोळ तुमाला ठावं हाय. तिथं मागं घेऊन लावा. एका हातानं. लागली, तर मी जल्मात भंगाराचं नाव काढणार न्हाई. न्हाई लागली, तर तिथनंच भंगारवाला घेऊन जाईल. बोला."

 एका हातानं वगैरे ठीक होतं, पण मागं? आबांनी मुलाकडं पाहिलं, ट्रककडं पाहिलं.

"येतो," ते म्हणाले.

पहिल्यांदा शिक्रापूरहून एक मिस्त्री आणवला. उत्तरेकडचा, हसतमुख. त्यानं दांडी हलवून पाहिली, गुडघ्यानं ढकलून पाहिली आणि म्हणाला, "बाबूजी, ये पुराना झमेला निकाल देते हैं. फ्लोर गिअर बना देंगे, एकदम मक्खन."

"म्हंजी?" आबांनी मला विचारलं.

"म्हणजे गिअर खाली घ्यायचा. मधोमध."

"मग मधी कोण बसंल?"

मिस्त्री माझ्याकडं बघायला लागला. आबांनी सीटच्या मधल्या जागेवर पंजा ठेवला. तिथलं रेक्झिन दोन्ही कडांपेक्षा जास्त झिजलेलं होतं. "हितं आमची ही बसायची. दौंडचा पोरगा मांडीवर. हितं आता गिअर उगवायचा व्हय?" मिस्त्रीला चहा पाजून लावून दिला.

राहिलो आम्ही दोघं. माझ्याकडं गुरुवारची सुट्टी आणि दोन धड हात होते; आबांकडं एक हात आणि हुकूम. घोंगडं अंथरून दोघंही ट्रकखाली शिरलो. गिअरच्या दांडीपासून खालच्या पेटीपर्यंत दोन सळया जातात. त्या मी सोडवल्या. पेटीकडचे खटके बोटानं हलवले तर लोण्यासारखे हलले. वर जाऊन दांडी ओढली तर जशीच्या तशी, हट्टी.

"पोट चांगलं हाय," आबा खालून म्हणाले. "दुखणं नरड्यात हाय."

एक गुरुवार नरडं उघडण्यात गेला. स्टिअरिंगच्या नळीला जिथं दांडी घुसते तिथं एक झाकण, त्याला गंजलेले स्क्रू. बायकोच्या शिलाई मशिनचं तेल मी सगळं ओतलं. (तिनं अजून माफ केलेलं नाही.) एक स्क्रू निघेना. मी म्हणालो उद्या. आबा म्हणाले आत्ता. पाना सटकला आणि माझी हनुवटी स्टिअरिंगवर आपटली. पुढच्या गुरुवारी, हनुवटीला पट्टी लावून, मी तो स्क्रू काढला. मधले सगळे दिवस कामावरून आलो की आबा दारात उभे, हातात पाना. "चला जावई." एकदासुद्धा 'राहू द्या आज' असं त्यांच्या तोंडून आलं नाही. माझ्या तोंडून आलं, पण ते कुणी ऐकलं नाही.

झाकण निघालं. आत ग्रीस असेल, गंज असेल, असं मला वाटलं होतं. आत पिवळं होतं. घट्ट, पिवळं, दगडासारखं. मी स्क्रूड्रायव्हरनं एक खपली उडवली, बोटांत चुरली, वास घेतला.

"आबा, ही हळद आहे."

आबांनी ती खपली घेतली. नाकाजवळ नेली. मग निखळलेल्या खांद्यासकट दोन्ही हातांनी डोक्यावरची टोपी काढली.

"भंडारा हाय," ते म्हणाले.

दर दसऱ्याला ट्रकची पूजा व्हायची. वडिलांनी सुरू केलेली. चाकांवर भंडारा, बॉनेटवर भंडारा, आणि ज्या दांडीनं गाडी चालते त्या दांडीवर खंडोबाच्या नावानं मूठभर जास्त. वरून तेलाची धार. तो भंडारा आणि ते तेल फटीतून आत उतरत होतं. पुढं गिअर जड व्हायला लागला तेव्हा आबांना एकच कारण सुचलं, की देवाची मर्जी कमी पडतेय. म्हणून पुढच्या दसऱ्याला दोन मुठी. आणखी जड झाला तर सोमवती अमावास्येलासुद्धा. गिअर जितका अडेल तितका भंडारा वाढत गेला आणि भंडारा जितका वाढला तितका गिअर अडत गेला. वडील आणि आबा दोघांची भक्ती त्या नळीत थराथरानं बसली होती.

मला हसू आलं. आबांच्या चेहऱ्याकडं पाहून ते गिळलं.

"खरवडून काढू," मी म्हणालो. "रॉकेल ओतलं की सुटेल सगळं."

"देवावर रॉकेल?" आबा एवढंच म्हणाले आणि ट्रकच्या पायरीवर बसले. त्या सगळ्या दिवसांत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातून काढून घेतला. "न्हाई. माझ्या बापानं वाहिलेला हाय त्यो. मी त्याला लोखंड लावणार न्हाई."

"मग दौंडला?"

ज्यासाठी हे चाललं होतं ते सगळं त्या पिवळ्या दगडापाशी येऊन थांबलं. गाडी वाचवायची तर बापाचा भंडारा खरवडायचा, आणि भंडारा राखायचा तर गाडी भंगारात. मला यातलं काही सोडवता येईना, म्हणून मी सवयीप्रमाणं सल्ला द्यायला लागलो. त्या दगडाला ग्रीस लावून बघू म्हणालो. मुलाला पत्र लिहू म्हणालो. आबांनी हातानंच थांबवलं.

माझी बायको तेव्हा अंगणातल्या नळाशी बसली होती. घट बसायला दोन-चार दिवस होते, म्हणून तिनं देवघरातले टाक उजळायला काढले होते. चिंच लावून एकेक टाक ती नारळाच्या शेंडीनं घासत होती. आमचं बोलणं तिला ऐकू जात होतंच. हात न थांबवता ती म्हणाली,

"आबा, हे बघा. खंडोबाच आहे हा. गेल्या वर्षीचं हळद-कुंकू असं चिकटून बसलंय, नाकडोळे दिसंनात. घासू का नको?"

"घास की. सणाला देव उजळाय नकोत?"

"मग तो भंडारा जातो त्याचं?"

"जुना जातो, नवा..." आबा बोलता बोलता थांबले.

"मला आपलं वाटलं, नळीत देव असेल तर त्यालाही उजळावा लागेल. किती वर्षं तसाच बसलाय बिचारा," बायको म्हणाली आणि टाकावर पाणी ओतलं.

आबा उठले. त्यांनी आत जाऊन पितळेचं ताट आणलं.

लोखंड लावायचं नाही, रॉकेल नाही, थेंबही पायदळी जायचा नाही, असं ठरलं. बायकोनं रिठ्याचं कढत पाणी करून दिलं. लिंबाच्या काडीनं, शेंडीच्या कुंच्यानं, शेवटी बोटाच्या नखानं आबा ते काढत बसले. मी खाली ताट धरून. उन्हं कलली, दुसरा दिवस आला, मी कामावर जाऊन परत आलो, आबा तिथंच. पाणी बदललं की ताटातलं पिवळं पाणी तुळशीला. एक मोठी ढेप अखंड निघाली, नळीचा आकार घेतलेली. ती त्यांनी फडक्यात बांधून गाडीच्या पुढच्या खणात ठेवली. "ही आण्णांची," म्हणाले. आण्णा म्हणजे त्यांचे वडील.

आतलं लोखंड चमकायला लागलं तेव्हा दांडी बसवून आबांनी ती करंगळीनं आपल्याकडं ओढली. ती आली. कुरकुर न करता आली. आबांनी तोंड फिरवलं आणि बराच वेळ बॉनेट पुसत राहिले. ते आधीच स्वच्छ होतं.

सळया परत जोडायचं काम माझ्याकडं होतं. मी त्या नीट जोडल्या. आबा बसले, गाडी चालू केली आणि आपल्या तत्त्वाप्रमाणं दुसरा टाकला. ट्रक मागं गेला. दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या बायकोच्या साड्या, दोरी आणि दोरीचा खांब घेऊन ट्रक मागं गेला.

"मागं ग्येली!" साडीच्या आतून आबा ओरडले. "पोरी, मागं ग्येली बघ!"

"आबा, दुसरा टाकलाय तुम्ही!" मी ओरडलो.

"आसंना का! ग्येली का न्हाई मागं?"

दोन्ही सळयांची अदलाबदल झाली होती. ती माझ्याकडून झाली असं बायकोचं म्हणणं. मी सांगितलं की रिव्हर्स नक्की चालतो का हे आधी बघावं म्हणून मी मुद्दामच तशा जोडल्या. बायकोनं साडीचा फाटका पदर माझ्यासमोर धरला.

सळया सुलट्या करून दसऱ्याला सकाळी निघालो. पुन्हा तसेच तिघं. मी मधल्या जागेवर. पहिल्या गिअरवर उचलली गाडी, लेच्यापेच्यांच्या. पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली, केडगावात चहा घेतला, आणि आबा अख्ख्या वाटेत दांडीशी हळू आवाजात बोलत होते. "दम धर. आता न्हाई ना दुखत?"

दौंडचा तो बोळ मी तेव्हाच पाहिला. दोन्ही बाजूंना उघडी गटारं, मध्ये जेमतेम ट्रकएवढी जागा, आणि पार टोकाला मुलाचं घर. आपट्याची पानं हातात घेऊन आळीतली माणसं उभी. कोपऱ्यावर एक मोकळा टेम्पो आणि त्याला टेकलेला एक माणूस. तो सोनं वाटायला आला नव्हता हे उघड होतं. मुलगा हात मागं बांधून पायरीवर उभा राहिला.

आबांनी गाडी बोळाच्या पुढं नेली, थांबवली. क्लच दाबला. दांडी आपल्याकडं ओढली, वर केली. खर्रर्र असा दात खाल्ल्यासारखा आवाज आला आणि गिअर पडेना.  बायकोनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसरा खांदा आता माझा निखळणार. आबांनी क्लच सोडला, न्यूट्रल केलं, डोळे मिटले. दांडीवर नुसता पंजा ठेवला. मग पुन्हा दाबला, ओढली, वर. टक्.

ट्रक मागं निघाला. खिडकीतून मुंडी बाहेर, एक हात स्टिअरिंगवर, आणि तोंडानं चालू, "हुर्रर्र, हाड्ड, मागं सर, मागं..." मेंढरं उलटी हाकत न्यावीत तसे आबा बोळात शिरले. एक चाक गटाराच्या कडेवर आलं, माती ढासळली, आळी "आबा, आबा" करून ओरडली, आबांनी तसूभर पुढं घेऊन परत मागं घेतली. पायरीपासून हातभर अंतरावर ट्रक थांबला.

मुलगा खाली उतरला. त्यानं आमच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाला, "ताई, दाजी, जरा उतरा." आम्ही उतरलो. तो आत चढला आणि सरकत सरकत मधल्या जागेवर, वडिलांच्या शेजारी जाऊन बसला. एवढा मिशीवाला माणूस, गुडघे डॅशबोर्डला टेकलेले. त्यानं दांडी धरली. आपल्याकडं ओढली, वर, खाली.

"हलकं झालंय की वो आबा."

"दुखत व्हतं त्याचं."

"आन् खांदा?"

"त्यो काय, त्यो बी ऐकंल."

मुलानं खिडकीतून हात बाहेर काढून कोपऱ्यावरच्या टेम्पोवाल्याला जा म्हणून खूण केली. मग तो उतरेचना. पुरणपोळ्या गार झाल्या, सूनबाईंनी दोनदा हाक मारली, बापलेक आत बसून गिअर वर-खाली करत होते. त्या दसऱ्याला आबांनी भंडारा उधळला तो चाकांवर आणि बॉनेटवर. गिअरला लांबूनच हात जोडले.

पुढं आबांनी कितीतरी वर्षं तो ट्रक चालवला. गंमत म्हणजे रिव्हर्स त्यांनी परत कधी टाकला नाही. कडब्याची गाडी आडवी आली की पुन्हा तोच बोळ, तीच नदी, तोच एसटी स्टँडचा वळसा. मी विचारलं तर म्हणाले, "येतंय म्हून काय रोज करायचं व्हय?"

पण त्या दसऱ्याच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. परतताना केडगावच्या बाजारात मी वांगी घेतली, आणि गाडीत बसल्यावर हात आपोआप गेला. पिशवी अडकवली. दांडी सुळ्ळकन खाली आली, पिशवी सुटली आणि वांगी आबांच्या पायाशी, क्लचखाली, ब्रेकखाली गडगडत गेली. आबा पोट धरून हसले. मी ताबडतोब सांगितलं, की गिअर खरंच हलका झालाय का याची मी मुद्दाम खात्री करून घेत होतो.

 घरी आल्यावर बायको एकेक वांगं धुऊन टोपलीत ठेवताना म्हणाली, "आबांच्या गाडीला रिव्हर्स पडला एकदाचा. आता तुमचा कधी पडतोय ते बघू."